सरस्वतीची जुनी फ्रेम उघडायची, साफ करायची, परत लावायची: क्रम चुकवू नका

नवरात्र जवळ आलं की ओळखीपाळखीतून मला फोटो यायला लागतात, आणि फोटोत बहुतेक एकच गोष्ट असते. आजेसासऱ्यांच्या काळातली सरस्वती, पांढरी साडी, हातात वीणा, बाजूला मोर, आणि साडीच्या मधोमध चहाच्या कपाखाली टेबलावर उमटतो तसला तपकिरी वळ. खाली मेसेज, "ताई, काल फक्त ओल्या फडक्यानं हलकंसं पुसलं हो, आता काय करू?" आता काही नाही करायचं, कारण तो वळ आता तिथेच राहणार. बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरातल्या सरस्वतीला असा वळ मीच दिलाय, त्यामुळे कुणावर हसत नाहीये.

सगळ्यांची चूक जवळपास सारखीच असते, काम चुकीच्या दिवशी सुरू करतात आणि उलट्या क्रमानं करतात. आधी पुसतात, मग बघतात. खाली दिलंय ते घरच्या घरी करता येईल तेवढंच, आणि घरी काय करायचं नाही तेही.

आधी तारीख ठरवा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फ्रेम उघडायची नाही. मूळ नक्षत्रावर आवाहन म्हणून सरस्वती भिंतीवरून उतरते आणि तेव्हाच सगळ्यांना तिची धूळ दिसते, हे मला माहितीये. पण बडोद्यात पावसाळा सप्टेंबरअखेरपर्यंत रेंगाळतो, भिंती ओल्या असतात, कागदानं ओल पिऊन ठेवलेली असते. तसा कागद उघडला तर तो पंख्याखाली एका बाजूनं सुकतो आणि पापडासारखा वळतो. पुन्हा पूजेची घाई असते, घरात पाहुणे असतात, कुणीतरी मध्येच येऊन "दे मी करतो" म्हणतं.

नवरात्रात फक्त फ्रेमची बाहेरची धूळ काढा आणि पूजा करा. उघडायचं काम दिवाळीनंतर ते वसंत पंचमीच्या मध्ये, हवा कोरडी असते तेव्हा. दुपारचे तीन-चार तास मोकळे असलेला एक दिवस आणि परत दोन दिवस टेबल अडकून राहील याची तयारी. डायनिंग टेबल असेल तर त्या दिवशी जेवण खाली बसून करा.

सामान गोळा करा, सगळं, आधीच

अर्ध्यात उठून मंगळबाजारात पळायची वेळ आली की चूक होते. हे जवळ हवं:

- मोठं टेबल, त्यावर जाड टर्किश टॉवेल आणि त्यावर धुतलेली पांढरी चादर
- मऊ चपटा ब्रश, कोरा, वॉटरकलरचा बकरीच्या केसांचा मिळतो तो (घरातला पेस्ट्रीचा ब्रश नको, त्याला तूप असतंच)
- कॅमेरा साफ करायचा रबरी फुगा, तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकी उडते
- बारीक पकड, बोथट सुरी, मोबाइलचा टॉर्च
- घड्याळजी वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग
- टीपकागद, बटर पेपर, दोन मोठे कोरे पांढरे पुठ्ठे
- एक छोटी डबी, निघालेल्या चुका (फ्रेमचे बारीक खिळे) आणि तुकड्यांसाठी

हात साबणानं धुवून पूर्ण कोरडे करा, अंगठ्या-बांगड्या काढा, क्रीम लावलेलं नको. ग्लोव्ह्ज नसले तरी चालेल, उलट जाड ग्लोव्ह्जमध्ये कागदाची कड कळत नाही आणि फाटते. टेबलावर पाण्याचा ग्लास, चहा, हळदकुंकवाचा करंडा यातलं काहीही नको.

## टप्पा १: भिंतीवर असतानाच बघा

उतरवण्याआधी एक फोटो समोरून, फ्लॅश बंद करून. मग खोलीत अंधार करा आणि टॉर्च फ्रेमच्या बाजूला काचेला जवळजवळ टेकवून आडवा धरा. आडव्या उजेडात कागदाची प्रत्येक सुरकुती, फुगवटा, उकललेला रंग दिसतो. समोरून छान दिसणारं चित्र आडव्या उजेडात रणगाडा गेलेल्या शेतासारखं दिसतं, घाबरू नका, फोटो काढा.

डाग ओळखायला शिका, कारण डागावरून पुढचं ठरतं.

किनार असलेला तपकिरी वळ म्हणजे कधीतरी पाणी शिरलं होतं. सुटे सुटे विटकरी ठिपके म्हणजे ओल आणि बुरशीची जुनी करामत. कडेनं कातरल्यासारखा, वरचा थर खरवडल्यासारखा कागद म्हणजे कसर. आणि एक डाग लोकांना कधीच कळत नाही, चित्रावर उभे तपकिरी पट्टे आणि मध्ये डोळ्यासारखा गोल. तो मागच्या लाकडाचा डाग आहे. जुन्या फ्रेमांना मागून पॅकिंगच्या खोक्याच्या पातळ फळ्या ठोकायचे, त्या लाकडातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदात उतरतं, फळ्यांमधल्या फटी आणि लाकडातली गाठसुद्धा चित्रावर छापली जाते. आमच्या सरस्वतीच्या कपाळाच्या थोडं वर अशी एक गाठ आहे, आजी तिला तिसरा डोळा म्हणायची.

थांबा: टॉर्चच्या उजेडात काचेच्या आत काही भाग ओला असल्यासारखा गडद, चमकता दिसतोय का? तिथे चित्र काचेला चिकटलंय. ही फ्रेम घरी उघडायची नाही. ओढलं तर कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. काचेसकट तशीच ठेवा, कागदाचं काम जाणणाऱ्या कन्झर्व्हेटरकडे, म्हणजे जुन्या वस्तूंची दुरुस्ती-जपणूक करणाऱ्याकडे न्या. बडोद्यात एमएस युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजीचं (संग्रहालयशास्त्राचं) डिपार्टमेंट आहे, कुणाकडे जायचं हे तिथे विचारता येतं.

## टप्पा २: हे नक्की काय आहे ते ओळखा

सगळ्यांना वाटतं आपल्याकडे "ओरिजिनल रविवर्मा" आहे. त्यानं रंगवलेलं सरस्वतीचं मूळ ऑइल पेंटिंग १८९६ चं, आणि ते गायकवाडांच्या संग्रहात आहे. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात महाराजा फत्तेसिंह म्युझियम आहे, तिथे जाऊन रविवर्माची चित्रं एकदा शांतपणे बघून या, घरचं चित्र हाताळण्याआधी रंगाचा अंदाज डोळ्यात बसतो. आपल्या घरात असतो तो छापील कागद, आणि त्यातही तीन-चार प्रकार, आणि प्रत्येकाला वागणूक वेगळी.

भिंग घ्या आणि साडीच्या काठावर किंवा गालावर धरा.

रंगाचे ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे, खडूनं टिपल्यासारखे आणि बऱ्याच वेगवेगळ्या रंगांचे दिसले तर तो दगडावरचा छाप, लिथोग्राफ. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असायचा आणि ठिपके माणूस हातानं टाकायचा. ठिपके एकसारखे, ओळीत, छोट्या छोट्या फुलांसारखे जमलेले आणि फक्त निळा, गुलाबी, पिवळा, काळा इतकेच रंग असतील तर ऑफसेट, म्हणजे बरंच नंतरचं कॅलेंडर किंवा पोस्टर. आणि फवारा मारल्यासारखे अगदी बारीक कण असतील तर इंकजेट, अलीकडच्या काळातलं, ते निवांत पुसा, वाईटात वाईट म्हणजे परत प्रिंट काढा.

लिथोग्राफवर कधीकधी वॉर्निश मारलेलं असतं आणि कॅनव्हाससारखी जाळी उठवलेली असते, त्याला ओलिओग्राफ म्हणतात. बोट लावू नका, आडव्या टॉर्चनं बघा, चमक एकसारखी परतते.

मग खालची कड. प्रेसचं नाव, चित्राचा नंबर, गावाचं नाव बहुधा तळाच्या पांढऱ्या पट्टीत असतं. "रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा" असं इंग्रजीत छापलेलं पुष्कळांकडे सापडतं. त्यावरून लगेच हरखून जाऊ नका. प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, काही वर्षांत लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, मग रविवर्मानं तो आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, श्लायशरला विकून टाकला, आणि रविवर्मा १९०६ मध्ये गेल्यावरही तिथली छपाई चालूच होती. म्हणजे नाव असलं तरी ती प्रत त्याच्या हयातीतली असेलच असं नाही. पट्टीच नसेल तर फ्रेमवाल्यानं मापात बसवायला कापलेली असणार. आमचीही कापलीये, कुणी आणि कधी देव जाणे.

देवी कोण ते पण बघून घ्या, हसू नका, लोक चुकतात. चार हात, दोन वीणेवर, एकात पोथी, एकात जपमाळ, साडी पांढरी, सोबत हंस किंवा मोर, तर सरस्वती. वीणा आहे पण वर्ण हिरवट सावळा आणि जवळ पोपट असेल तर ती मातंगी असण्याची शक्यता जास्त. पाच तोंडं असतील तर गायत्री. एका काकूंनी पन्नास वर्षं सरस्वती म्हणून जिची पूजा केली ती गायत्री निघाली, त्या म्हणाल्या "असू दे, पोरं तर शिकली ना," आणि फ्रेम होती तिथेच राहिली.

जरीचं काम असेल तर: साडीला खरी जरी, टिकल्या, मणी, सॅटिनचं कापड चिकटवलेलं असेल तर ते "नंतर कुणीतरी लावलेलं" म्हणून उचकटू नका. घरातल्या बायकांनी बसून केलेलं काम आहे ते, आणि माझ्या मते चित्राइतकंच जपण्यासारखं. शिवाय खालचा कागद त्याच्यासकटच निघतो. अशा चित्राला ब्रशसुद्धा टिकल्यांच्या मधूनच.

## टप्पा ३: फ्रेम उघडणं

उतरवली की आधी बाहेरून ब्रशनं धूळ झटका, वरची कड, मागची बाजू, कोपऱ्यातली कोळ्याची जाळी. ही धूळ न काढता उघडलं तर सगळी आत पडते. काचेला तडा असेल तर त्यावर आडवी-उभी चिकटपट्टी लावा, काचेवर, चित्रावर नव्हे.

१. फ्रेम पालथी करा, चादरीवर.
२. मागचा फोटो काढा. मागे चिकटवलेलं फ्रेमवाल्याचं लेबल, पेन्सिलीनं लिहिलेली तारीख, लग्नात कुणी दिलं त्याचं नाव, हे सगळं काही उचकटायच्या आत फोटोत आलं पाहिजे.
३. कडेची कागदी पट्टी बोथट सुरीनं कापा.
४. चुका पकडीनं सरळ मागे ओढा. वाकडं करून उपटलं की फळी उसळते आणि टोक कागदात जातं. गंजलेली चूक निघत नसेल तर तिथेच आडवी वाकवा, पुढे जा.
५. फळ्या एकेक उचला. त्याखाली वर्तमानपत्र निघेल, मराठी किंवा गुजराती. ते फेकू नका, पण चित्राजवळही परत ठेवू नका, तो कागद फार आम्लाचा असतो. त्यावरची तारीख म्हणजे फ्रेम केल्याची साधारण तारीख, चित्राची नव्हे, इथे पण लोक गडबडतात.
६. आता चित्र हातानं उचलायचं नाही. वर कोरा पुठ्ठा ठेवा, दोन्ही हातांनी फ्रेम-काच-चित्र-पुठ्ठा सगळं सँडविचसारखं धरा आणि एकदम उलटं करा. मग फ्रेम उचला, काच उचला. चित्र पुठ्ठ्यावर सुलटं.

तपासा: काच उचलताना एक कोपरा एक-दोन मिलिमीटर उचलून थांबा. चित्र काचेबरोबर वर येतंय का? येत असेल तर काच खाली, काम बंद, वरचा "थांबा" परत वाचा.

पुष्कळ चित्रं मागून पुठ्ठ्याला किंवा कापडाला खळीनं चिकटवलेली असतात. ती सोडवायची नाहीत. पाणी लावून सोडवतात, असं व्हिडिओत दिसतं, त्या व्हिडिओवाल्याचा कागद वेगळा होता.

## टप्पा ४: कोरडी सफाई, फक्त कोरडी

सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यावर होतं आणि त्याचं कारण पांढरी साडी. देवी शुभ्रवस्त्रावृता, आणि समोर साडी दिसते ताकाच्या कढीसारखी पिवळी. मग वाटतं धूळ बसलीये, पुसलं की निघेल. तो पिवळेपणा धुळीचा नाही. वॉर्निश पिवळं झालंय आणि खालचा कागदही पिवळा झालाय, आणि साडीच्या पांढऱ्या भागात शाई कमी असल्यानं तिथे कागदच जास्त दिसतो. मोराचा निळा, झाडाचा हिरवा या गडद रंगांत तो पिवळेपणा लपतो, साडीत लपत नाही, एवढंच. कितीही पुसा, साडी पांढरी होणार नाही, पाणी मात्र कागदातली घाण विरघळवून वळाच्या कडेला नेऊन ठेवेल. माझा वळ असाच आला. दोन चमचे पाणीसुद्धा नसेल.

तर असं करा. मऊ ब्रश चित्राच्या मधून बाहेरच्या कडेला, हलका, चेहऱ्याला सगळ्यात शेवटी. ब्रशवर रंगाची पावडर येतेय का ते दर मिनिटाला पांढऱ्या कागदावर झटकून बघा. आली तर ब्रश ठेवून द्या, फक्त फुगा वापरा. पावडर येत नसेल तर कडेच्या पांढऱ्या पट्टीवर, आणि फक्त तिथेच, मऊ पांढरा खोडरबर किसणीवर किसून त्याचा चुरा बोटानं गोल गोल फिरवता येतो. मग चुरा एकूण एक ब्रशनं काढा, राहिलेला कण पुढे चिकटतो.

घरगुती उपायांचं काय? ब्रेडचा गर नको, त्याचं तेल आणि कण राहतात आणि कसरीला आमंत्रण मिळतं. कापलेला बटाटा नको. ओला वाइप, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीच नको. काच साफ करायचं निळं लिक्विड फक्त सुट्या काचेवर, चित्र दुसऱ्या खोलीत असताना, आणि फवारा फडक्यावर मारायचा.

हळदकुंकवाचे डाग हा आपल्या घरांचा खास विषय. काच नसलेल्या किंवा फुटलेल्या जुन्या फ्रेमांत देवीच्या कपाळाला, पायाला थेट कागदावर बोट लागलेलं असतं. वरची सुटी पावडर कोरड्या ब्रशनं उचला, बाकी सोडून द्या. हळदीला साबणाचा हात लागला की डाग लाल होतो, आणि मग तो पायावरचा हळदीचा ठिपका न राहता घोट्याला जखम झाल्यासारखा दिसतो. एकीनं असं करून मला फोटो पाठवला होता, मला बघवेना.

माशांचे काळे ठिपके, कसरीनं खाल्लेले भाग, विटकरी ठिपके, हे घरी जात नाहीत. ब्लीच लावून जातात, पण कागदही बरोबर घेऊन जातात.

फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेपचा प्लास्टिक सुटतो आणि चिकटा कागदात शिरून तेलकट तपकिरी होतो. फाटलेले भाग नुसते जवळ सरकवून ठेवा, नव्या माउंटमध्ये (चित्राभोवती खिडकीसारखा कापून बसवतात तो पुठ्ठा) बसतात. फेव्हिकॉल तर नकोच. आणि जुन्या बाइंडिंगवाल्यांकडची खळ सुद्धा नको, कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात, त्यातलं तांबं जुन्या कागदाला आतून कमजोर करतं.

लॅमिनेशन. हे वेगळ्या ओळीत लिहितेय कारण दरवर्षी कुणीतरी करून आणतं आणि कौतुकानं दाखवतं. गरम प्लास्टिकमध्ये वॉर्निश वितळतं, जुना कागद कायमचा अडकतो, आणि ते परत सोडवता येत नाही.

## टप्पा ५: पुरात भिजली असेल तर

ज्यांच्याकडे पाणी शिरत नाही त्यांनी पुढे जा. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा मगरी रस्त्यावर आल्या त्याच्या बातम्या झाल्या आणि घराघरातल्या भिजलेल्या फ्रेमांचं कुणाला सुचलं नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

ओल्या कागदाला बुरशी धरायला दोन दिवस पुरतात, त्यामुळे इथे "दिवाळीनंतर" वाला नियम लागू नाही, त्याच दिवशी उघडायचं. फ्रेम काच खाली करून आडवी ठेवा, उभी केली की ओला कागद स्वतःच्या वजनानं घसरतो आणि फाटतो. मागचं सगळं काढा. चित्र काचेवरून सहज सरकत असेल तर सँडविच करून बाहेर, नसेल तर काचेसकट आडवं ठेवून कन्झर्व्हेटरला फोन.

बाहेर आलेलं चित्र सुलटं, टीपकागदावर, पंख्याच्या खोलीत, पण वारा थेट अंगावर नको. खालचा टीपकागद तासातासानं बदला. चित्राच्या तोंडावर टीपकागद ठेवायचा नाही, वॉर्निश मऊ झालेलं असतं आणि ते चिकटतं, झाकायचंच असेल तर बटर पेपर. ऊन नको, हेअर ड्रायर नको, इस्त्री तर स्वप्नातही नको. चिखल ओला असताना पुसू नका, पुसला तर तो कागदाच्या आत जातो, सुकल्यावर ब्रशनं निघेल तेवढा निघेल. कागद जवळजवळ सुकला, हाताला नुसता गार लागतोय, अशा वेळी दोन बाजूंना बटर पेपर, मग टीपकागद, मग पुठ्ठे, वर पुस्तकांचं वजन, दोन-तीन दिवस.

बुरशीची पांढरी-हिरवी लव आली असेल तर ती ओली असताना हात लावू नका. सुकू द्या, मग एन९५ मास्क लावून, गच्चीत किंवा बाल्कनीत, ब्रशनं. ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं. तो ब्रश नंतर फेकून द्या.

## टप्पा ६: बंद करण्याआधी एक कॉपी

चित्र काचेबाहेर पुन्हा कित्येक वर्षं येणार नाही, त्यामुळे आत्ता चांगला फोटो काढून घ्या. पुठ्ठ्यासकट टेबलावर आडवं ठेवा, दोन्ही बाजूंना सारखे दोन दिवे तिरपे, मोबाइल बरोबर वरून आणि चित्राला समांतर, फ्लॅश बंद. खिडकीचा सावलीतला उजेड दिव्यांपेक्षाही बरा. स्कॅनरमध्ये उलटं टाकून दाबू नका, उकललेला रंग काचेवर निघतो.

या फोटोची प्रिंट काढून ती पूजेला घ्या. मूळ चित्र भिंतीवर राहील, आणि आवाहन, हळदकुंकू, फुलं, नैवेद्य सगळं कॉपीसमोर. आमच्या सासूबाईंना आधी हे पटलं नाही, झेरॉक्सची पूजा कशी करायची म्हणाल्या, मग मी म्हटलं आई, ही पण छापाचीच आहे की. दोन दिवस बोलल्या नाहीत, पण कॉपी आता देवघरात आहे.

नातेवाइकांना प्रिंट वाटायची असेल तर रविवर्माच्या चित्रांना अडचण नाही, कलाकार गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. रघुवीर मुळगावकरांसारख्या नंतरच्या कॅलेंडर चित्रकारांचं तसं नाही, ते १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत विकायला वगैरे छापू नका.

## टप्पा ७: नवी फ्रेम, दुकानात काय सांगायचं

दुकानात "चांगली फ्रेम करून द्या" म्हणून सोडून यायचं नाही. समोर उभं राहायचं, आणि हे मुद्दे कागदावर लिहून द्यायचे.

१. चित्र कुठूनही कापायचं नाही. फ्रेम मोठी करा, चित्र लहान करू नका.
२. चित्र बोर्डला पूर्ण चिकटवायचं नाही. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, त्याला हलायला जागा हवी. चार कोपऱ्यांना ॲसिड-फ्री (आम्ल नसलेल्या) कागदाचे त्रिकोणी खिसे, त्यात चित्राचे कोपरे बसतात, चित्राला गोंद लागतच नाही.
३. मागचा बोर्ड आणि पुढचा खिडकीसारखा कापलेला माउंट, दोन्ही ॲसिड-फ्री. साध्या माउंटची कापलेली कड काही वर्षांत पिवळी पडते, मग चित्राचीही पडते. बोर्ड महाग आहे, पण पैसे इथे घाला, सोनेरी पट्टीत नको.
४. काच चित्राला टेकता कामा नये. माउंटच्या जाडीनं मधे हवा राहिली पाहिजे. टेकली की पुढच्या पावसाळ्यात चिकटते.
५. मागे प्लायवूड, एमडीएफ, पॅकिंगच्या फळ्या चित्राला लागून नको.
६. रंगाची पावडर निघत होती त्या चित्राला काचेऐवजी ॲक्रिलिकची (प्लास्टिकची) शीट नको, तिला विजेचा भार येतो आणि पावडर ओढली जाते. काचच घ्या, परवडत असेल तर यूव्ही अडवणारी.
७. मागची बाजू ब्राउन पेपरनं पूर्ण बंद, कसर आत जायला फट नको.

जुनी लाकडी फ्रेम आवडती असेल तर तीच परत वापरा, फक्त आतली खाच ब्रशनं साफ करून लाकडाच्या किडीची भोकं आहेत का बघा. भोकांतून ताजा भुसा पडत असेल तर ती फ्रेम घरातच नको.

तपासा: पैसे द्यायच्या आधी फ्रेम आडवी धरून कडेनं बघा, काच आणि चित्रात फट दिसली पाहिजे. मग हलकेच हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर तिथेच उघडून घ्या. उरलेले जुने तुकडे, लेबल, चुकांची डबी मागून घ्या, कचरा म्हणून टाकतात. एकदा माझ्यासमोर एका फ्रेमवाल्यानं खालची नावाची पट्टी सर्रकन कापली, मी "अहो" म्हणेपर्यंत ती बादलीत होती.

## टप्पा ८: कुठे टांगायची

बाथरूमच्या पलीकडची भिंत नको, पश्चिमेचं ऊन येतं त्या खिडकीसमोर नको, बाहेरची भिंत पावसाळ्यात ओली होत असेल तर ती नको. हात भिंतीला लावा, शेजारच्या भिंतीपेक्षा गार लागली तर तिच्यात ओल आहे. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून फेल्टची किंवा रबराची बटणं चिकटवा, भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते.

निरांजन आणि उदबत्ती थेट खाली नको. काजळी काचेवर बसते ती पुसता येते, पण मागून फटीतून आत जाते ती नाही.

हार घालायचाच असेल तर फ्रेमच्या वर भिंतीत दोन वेगळे खिळे ठोका आणि हार त्यांना अडकवा. झेंडूच्या ओल्या हारातलं पाणी फ्रेमच्या वरच्या पट्टीवरून आत उतरतं, दसऱ्याला घातलेला हार दिवाळीपर्यंत काढत नाहीत आणि मग वरच्या कडेला वळ का आला विचारतात. काचेवर कुंकू लावायचं तर कोरडं, काचेच्या मधोमध, खालच्या कडेला नाही, ओलं कुंकू ओघळून काच आणि पट्टीच्या खाचेत जातं.

पहिला पावसाळा झाला की पितृपक्षात एकदा उतरवून टॉर्च आडवा धरून बघा. काचेच्या आतून बाष्प, कडेला नवा ठिपका, कागदात नवा फुगवटा, यातलं काही दिसलं तर भिंत बदला. फ्रेम उघडायची गरज आहे असं वाटलं तरी त्या आठवड्यात उघडू नका, कपाटावर आडवी ठेवा, आणि दिवाळी होऊ द्या.